लोहारकाम सुरू करायचंय, पण ऐरण नाही: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: घरामागे थोडी मोकळी जागा आहे, एक साधी हातोडी आहे, ऐरण नाही, सांडशी नाही, जवळ शिकवणारं कोणी नाही. कमीत कमी कोणत्या साहित्यावर लोहारकाम सुरू करता येईल, आणि पहिला सुरा घडवायला किती दिवस लागतील?

सुऱ्याचं शेवटी सांगतो. त्याआधीचं सांगायला जास्त जागा लागणार आहे, कारण नवशिके जिथे अडकतात ती जागा हत्यारांची नसते. गेली कित्येक वर्षं मी नव्या माणसांना भट्टीसमोर उभं करतोय. ज्यांच्याकडे भारी ऐरण आणि दहा प्रकारच्या हातोड्या असतात तेही पहिल्या दिवशी तीच चूक करतात: थंड झालेल्या लोखंडावर जीव खाऊन ठोकत राहतात. लोहारकामात पहिल्यांदा डोळा शिकतो, हात मागून शिकतो. लोखंडाचा रंग वाचता यायला लागला की रेल्वे रुळाच्या तुकड्यावरही उत्तम काम होतं.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे सावली. कडक उन्हात तापलेलं लोखंड काळंच दिसतं आणि तुम्ही फसता. छपराखाली किंवा संध्याकाळच्या कललेल्या उजेडात काम करा, आणि रोज साधारण तेवढ्याच उजेडात करा, म्हणजे डोळ्याला सवय लागेल. गडद लाल म्हणजे साधारण 700 अंश सेल्सिअस. या तावावर हलकं सरळ करणं वगैरे चालतं, घडाई नाही. केशरी म्हणजे साडेनऊशे ते हजार. पिवळा म्हणजे 1100 ते 1200. साधं लोखंड, म्हणजे बाजारात माइल्ड स्टील म्हणून मिळतं ते, खरं मऊ पडतं ते केशरी आणि पिवळ्याच्या मधे. त्याच्या वर पांढरेपणा येतो, मग फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागतात. ठिणग्या म्हणजे लोखंड जळायला लागलं. जळलेला भाग पुन्हा नीट होत नाही, तो कापूनच टाकावा लागतो. एकदा मुद्दाम एक टोक जाळून बघा. ठिणग्या कशा दिसतात, जळलेलं टोक ठोकल्यावर कसं चुरा होऊन गळतं, हे पाहिलेला माणूस पुढे भट्टीकडे पाठ करून गप्पा मारत नाही.

खालच्या टोकालाही एक धोका आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. दोनशे ते चारशे अंशांच्या पट्ट्यात, जिथे घासलेल्या लोखंडावर निळसर झाक येते, तिथे लोखंड थंड असतानापेक्षाही ठिसूळ वागतं. लाली गेली की ठोकणं थांबवा आणि परत भट्टीत घाला. "अजून दोनच ठोके" हा मोह चिरांच्या मुळाशी असतो.

आता भट्टी. गॅसची भट्टी स्वच्छ असते, पण पहिल्याच भट्टीसाठी मी ती सुचवत नाही. बर्नर, दाब, आतलं सिरॅमिक लोकरीचं अस्तर, हे सगळं समजून घ्यावं लागतं. त्या लोकरीचे तंतू उघडे राहिले तर श्वासातून छातीत जातात, म्हणून तिच्यावर लेप चढवून ती कडक करावी लागते. मातीच्या भट्टीत ही भानगड नाही. साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद लाकडी खोकं किंवा जुनं घमेलं घ्या, त्यात माती आणि वाळू ओलसर करून चांगली ठोकून भरा. मधे वीतभर लांब, चार-पाच बोटं रुंद आणि तळाकडे निमुळता होत जाणारा खड्डा ठेवा. एका बाजूने इंचभर भोकाची लोखंडी नळी आडवी आणा, तिचं तोंड तळापासून दोन-तीन बोटं वर उघडू द्या. लाकडाची कड आणि आग यांच्यात सगळीकडे किमान चार इंच माती हवी. दोन्ही टोकांना खोबण ठेवा, म्हणजे लांब गज आडवा ठेवता येईल. माती पूर्ण वाळू द्या आणि पहिली आग अगदी छोटी लावा, कारण ओल्या मातीत वाफ कोंडली की ढेकळं उडतात. भट्टीच्या कडेला नदीतले गोटे रचू नका, तेही याच कारणाने फुटतात.

हवेसाठी हाताने फिरवायचा भाता-पंखा मिळाला तर उत्तम, कारण हात थांबला की हवा थांबते आणि लोखंड जळत नाही. नाहीतर केस वाळवायचा जुना ड्रायर चालतो. पण त्याची हवा लोणारी कोळशाला फार होते, म्हणून ड्रायर नळीला घट्ट बसवू नका. थोडं अंतर ठेवा आणि ड्रायर सरकवून हवा कमीजास्त करा. इंधन म्हणून लाकडाचा लोणारी कोळसा घ्या, सुपारी ते अक्रोडाएवढे तुकडे करून. दाबून केलेल्या विटा नकोत, त्यांची राख फार होते. दगडी कोळसा जास्त वेळ टिकतो, पण धूर, गंधकाचा वास आणि तळाशी साचणारी काचेसारखी कीट सांभाळावी लागते. ते सहा महिन्यांनी बघा.

आगीत सगळीकडे सारखी आच नसते, आणि हे कळणं म्हणजे निम्मं लोहारकाम. नळीच्या तोंडाशी हवा जास्त असते. तिथे लोखंड ठेवलं तर ते गरम कमी होतं आणि त्यावर जाड काळ्या खपल्या मात्र धरतात. वरच्या थरात आच अपुरी असते. दोन्हीच्या मधे, हवेतला प्राणवायू कोळशात खपून गेलेला असतो तिथे, आगीचं काळीज असतं. गज तिथे आडवा ठेवायचा, खाली चार बोटं निखारे, वर तीन-चार बोटं निखारे. नवशिका गज वरून भाल्यासारखा खुपसतो, टोक थेट नळीसमोर जातं आणि "लोखंड तापतच नाही, नुसतं झिजतंय" अशी तक्रार करतो. आग चांगली असूनही गज तापत नसेल तर आधी त्याची जागा बदला, मग हवा वाढवा.

ऐरणीची काळजी सोडा. ऐरणीचं काम एवढंच की हातोडीच्या खाली भरपूर वजन असावं आणि ते हलू नये. भंगारात आलेला रेल्वे रुळाचा हात-दीड हात तुकडा उभा करून लाकडाच्या ओंडक्यात किंवा वाळूने भरलेल्या डब्यात घट्ट रोवा. आडवा ठेवला तर त्याची मधली पाटी पातळ असल्याने तो स्प्रिंगसारखा उसळतो. उभा ठेवला की सगळं वजन ठोक्याच्या खाली येतं. वरचं तोंड लहान दिसेल, पण हातोडीचा ठोका त्याहून मोठा कुठे असतो? तोंड घासून सपाट करा. एक कड चार-पाच मिलिमीटर गोल करा, एक तशीच ठेवा. उंची अशी हवी की सरळ उभं राहून हात सैल सोडला, मूठ वळली, तर बोटांची पेरं तोंडाला टेकतील. बिडाची स्वस्त ऐरण मात्र विकत घेऊ नका. बीड ठोका गिळतं, आणि तिच्या कडा तुटतात.

हातोडी 800 ग्रॅम ते एक किलोची पुरे. दीड-दोन किलोची हातोडी घेऊन कोणी लवकर लोहार होत नाही, कोपर मात्र दुखावून घेतो. विकत आणलेल्या हातोडीच्या तोंडाची कड धारदार असते आणि प्रत्येक तिरक्या ठोक्याला लोखंडावर चंद्रकोर उमटते. ती कड कानसीने गोल करा, तोंडाला किंचित फुगवटा द्या. दांडा सैल धरा, अंगठा दांड्यावर सरळ ताणून ठेवू नका, आणि ठोका खांद्यातून येऊ द्या. लोखंड मधे नसताना हातोडी नुसत्या रुळावर आपटू नका, दोन कडक तोंडं भिडली की तुकडा उडू शकतो.

सांडशी सुरुवातीला लागतच नाही. दोन फूट लांब गज घ्या आणि गार टोक हातात धरा. पोलादातून उष्णता हळू सरकते, एवढ्या लांबीत हाताकडचं टोक बराच वेळ धरण्यासारखं राहतं. सांडशीतून निसटणारा तुकडा ही नवशिक्याची सगळ्यात मोठी भीती असते, आणि लांब गजाने ती मुळातच जाते. आठ ते दहा मिलिमीटरचा गोल गज आणि दहा-बारा मिलिमीटरचा चौरस गज, माइल्ड स्टीलचा, एवढं आणा. बांधकामाच्या सळईवर शिकू नका. तिचं पोलाद तुकड्यातुकड्याला वेगळं निघतं, आणि चीर पडली तर चूक तुमची की सळईची हे कळत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका, नळ्या, तारा, नटबोल्ट, काहीच नाही. जस्त 907 अंशांवर उकळतं, म्हणजे तुमच्या केशरी तावाच्याही आधी, आणि त्याचा पांढरा धूर छातीत जातो. मी सुरुवातीला हवेसाठी तसलीच नळी वापरली होती. आग नळीच्या तोंडापर्यंत सरकली, पांढरट धूर आला, मी काम चालू ठेवलं. रात्री थंडी वाजून ताप भरला, अंग मोडून आलं, तोंडाला धातूची चव. दुसऱ्या दिवशी उतरलं, पण जास्त धूर घेतला तर फुफ्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. क्रोम चढवलेली जुनी हत्यारंही याच कारणाने नकोत.

बाकीची काळजी थोडक्यात. कपडे सुती, कारण सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. बूट चामड्याचे, पँट बुटाच्या बाहेरून. डोळ्यांवर चष्मा नेहमी आणि कानात बोळे, कारण रूळ फार कर्कश वाजतो. त्याला एक जड साखळी गुंडाळली तर आवाज पुष्कळ दबतो. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि भाजणं लाल लोखंडाने होत नाही, काळ्याने होतं. लाली गेलेला तुकडा अजून चारशे अंशांवर असू शकतो. जमिनीवर पडलेलं काहीही उचलण्याआधी पालथा पंजा जवळ नेऊन धग बघा. पाण्याची बादली कायम शेजारी हवी.

पहिला गज भट्टीत घालण्याआधी एक संध्याकाळ मुलांच्या खेळातल्या मातीवर घालवा. मातीचा चौकोनी गज करा, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा आणि हातोडीने खऱ्यासारखा घडवा. तापलेलं पोलाद आणि ही माती हातोडीखाली जवळजवळ सारखीच सरकतात. कुठे ठोकलं की कुठे पसरतं, हे इथे सावकाश दिसतं आणि ताव संपायची घाई नसते.

मग पहिलं काम: निमुळतं टोक. फक्त टोक, बाकी काही नाही. गोल गजाला गोल ठेवत टोक काढायला गेलात तर आतून फाटतं. आधी चौकोनी करा, तसंच निमुळतं करत न्या, मग चारही कोपरे मारून आठ बाजू काढा, शेवटी हलक्या ठोक्यांनी गोल. पहिले ठोके अगदी शेंड्यावर, गज कडेजवळ थोडा उचलून तिरका धरून. मागून पुढे आलात तर वरचं लोखंड पुढे सरकतं, आतलं मागे राहतं आणि शेंडा माशाच्या तोंडासारखा पोकळ होतो. प्रत्येक दोन ठोक्यांनंतर गज पाव वळण फिरवा, नेमकं नव्वद अंश. हात चुकला की चौकोनाचा शंकरपाळा होतो. तसा झाला तर सपाट बाजूंवर ठोकत बसू नका. लांब कर्ण उभा धरून कोपऱ्यावर ठोका, चौकोन परत येतो.

इथे एक हिशेब पाठ असू द्या. लोखंड कुठे जात नाही, फक्त जागा बदलतं. 12 मिलिमीटरचा चौरस गज 6 वर आणला तर छेद चौथाई होतो, म्हणून लांबी चौपट: 25 मिलिमीटर तुकड्याचे 100 होतात. काही थोडं खपल्यांत जातं, बस. टोक केवढं हवं यावरून किती लोखंड घ्यायचं ते यातून निघतं. कडं वाकवायचं असेल तर आतला व्यास अधिक गजाची जाडी, गुणिले 3.14. 10 मिलिमीटर गजाचं आतून 50 मिलिमीटरचं कडं म्हणजे साधारण 188 मिलिमीटर लांबी.

दहा-बारा टोकं झाली की एस आकाराचा आकडा करा. आठ मिलिमीटर गज, टोक दीड-दोन इंच निमुळतं, शेंड्याला छोटी वळी. ही वळी ऐरणीच्या कडेबाहेर शेंडा काढून, हलके ठोके देत आपल्याकडे गुंडाळत आणायची. मग गज उलटा करून गोल कडेवर किंवा शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या व्हाइसमध्ये, धरलेल्या जाड नळीवर मोठा बाक. वळी आधी पाण्यात बुडवून गार करा, नाहीतर बाक देताना ती उलगडते. हा पाण्याचा वापर नीट शिका: जिथे वाकायला नको तो भाग गार, जिथे वाकायला हवा तो गरम. मग गज हव्या लांबीवर कापा आणि दुसरं टोक तसंच, बाक उलट दिशेला. इथे तुकडा आखूड झाल्याने लांब दांड्याची पक्कड लागेल. पहिल्या आकड्याला बारा-पंधरा ताव, म्हणजे भट्टीत तापवायच्या खेपा, लागले तर काही बिघडलं नाही. मी नव्या माणसाला तावच मोजायला सांगतो, मिनिटं नाही. पाच-सहा तावांत आकडा निघायला लागला की समजा तुम्ही गरम असताना ठोकता आहात आणि गार असताना थांबता आहात.

पुढचं काम पीळ घातलेला भट्टीचा आकडा, म्हणजे निखारे सारखे करायला स्वतःच्याच भट्टीला लागणारा. चौरस गज, मधला वीतभर भाग एकसारखा केशरी करून एक बाजू शेगड्यात आणि दुसरी पान्ह्यात धरून फिरवायचा. पीळ गरम जागी घट्ट आणि गार जागी सैल पडतो. म्हणून पीळ वेडावाकडा आला तर दोष हातात नाही, तावात शोधा. काम झाल्यावर गरम असतानाच तारेच्या ब्रशने खपल्या काढा आणि लाली पूर्ण गेल्यावर मेण किंवा जवसाचं तेल लावा. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून बाहेर वाळवा.

आता सांडशी. सोपा प्रकार म्हणजे 20 बाय 6 मिलिमीटर पट्टीचे हातभर लांबीचे दोन तुकडे. जबड्याच्या मागे प्रत्येकाला पाव वळण पीळ द्या, म्हणजे जबड्याच्या रुंद बाजू समोरासमोर येतात. पिळाच्या मागे भोक पाडून रिव्हेट ठोका. दोन्ही तुकडे अगदी सारखे करायचे, पीळ एकाच दिशेला. आरशातल्या प्रतिमेसारखे डावा-उजवा केले तर सांडशी जुळतच नाही, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो. रिव्हेट ठोकल्यावर सांधा गच्च बसतो. तो भाग लाल करून गार होईपर्यंत सांडशी उघड-मीट करत राहा, मोकळी होते. शेवटी जबडा तापवून, ज्या मापाचा गज धरायचा तोच गज मधे ठेवून ठोका. सांडशी मापाचीच असावी, सगळं धरणारी सांडशी काहीच नीट धरत नाही.

यानंतर पाणी देण्याकडे, म्हणजे तापलेलं पोलाद एकदम गार करून कडक करण्याकडे वळा. माइल्ड स्टीलला पाणी चढत नाही, त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. वाहनाच्या जुन्या गुंडाळी स्प्रिंगमध्ये साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो, म्हणून तिच्यातून छिन्नी आणि सुंबा (भोक पाडायचं हत्यार) घडवा. हे पोलाद हातोडीखाली हट्टी लागतं, तरी पिवळं करू नका, केशरीच्या पुढे ते लवकर बिघडतं. घडून झालं की तीनदा लाल करून नुसत्या हवेत गार होऊ द्या, म्हणजे ठोक्यांनी आत साठलेला ताण निघतो. मग धारेकडची दोन बोटं हळूहळू तापवत लोहचुंबक लावत राहा. 770 अंशांच्या आसपास चुंबक धरणं सोडतो. तिथून किंचित वर नेऊन कोमट तेलात उभी बुडवा. तेल धातूच्या डब्यात, झाकण हाताशी. पेटलं तर झाकण टाका, पाणी कधीच नाही. गार झाल्यावर धारेवर कानस घसरली, चावली नाही, तर पाणी चढलं. आता ती काचेसारखी ठिसूळ आहे. घासून चकचकीत करा आणि मागून हळू तापवा. धारेकडे रंग सरकत येताना दिसतील: फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेला जांभळा पोचला की लगेच पाण्यात. ज्या टोकावर हातोडी पडते ते मऊच ठेवा, कडक डोकं तडकून किरच उडते.

आता सुरा. तो पातळ असतो, कार्बनवाल्या पोलादाचा असतो, पाणी देताना वाकतो, आणि घडताना गार ठोकल्याची प्रत्येक चीर तेलात बुडवल्यावरच उघडी पडते, तेव्हा पाच दिवसांचं काम हातात असतं. म्हणून दिवस मोजून सांगत नाही. एकाच मापाचे तीन आकडे शेजारी ठेवल्यावर वेगळे ओळखू येईनासे झाले, आणि तुमच्या छिन्नीने माइल्ड स्टीलची पट्टी गार कापूनही धार दुमडली नाही, की सुऱ्याला हात घाला. छिन्नीसाठी स्प्रिंग कापाल तेव्हा तिचा वीतभर तुकडा खडूने खूण करून बाजूला ठेवा. त्या पोलादाला पाणी कसं चढतं हे छिन्नीवरून तुम्हाला आधीच माहीत असेल.